गाडीचं तोंड देवीकडे

सिग्नल लाल झाला की मामांचा उजवा हात किल्लीवर जायचा. किल्ली मागे फिरायची, इंजिन एक आचका देऊन गप्प व्हायचं, आणि तोच हात वर उठून हवेत थांबायचा. वर्गातला गोंगाट बंद करणारे मास्तर हात धरतात तसा. गाडीतले आम्ही सगळे नाइलाजाने गप्प बसायचो. मग मामा म्हणायचे, "आयका."

ऐकायला तिथे काय असायचं म्हणा. शेजारच्या कंटेनरची घरघर, मागच्या रिक्षाचा भोंगा, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं. पण आमच्या पायाखालची थरथर थांबलेली असायची आणि बाटलीतलं पाणी स्थिर झालेलं असायचं. एखाद्या दिवशी दुभाजकावरच्या कण्हेरीतून साळुंकीही ऐकू यायची. मामांना साळुंकी ऐकवायची होती असं नाही. बाकी सगळं जग गुरगुरतंय आणि आपली गाडी गप्प आहे, एवढंच त्यांना ऐकवायचं होतं.

असा माणूस तुमच्याही रस्त्यावर असेल. तुम्ही त्याच्या मागे थांबून चडफडला असाल. सिग्नल हिरवा होतो, पुढची गाडी लगेच हलत नाही, तिचा स्टार्टर एकदा कुरकुरतो, दुसऱ्यांदा कुरकुरतो, आणि तुमचा हात हॉर्नवर जातो. तर त्या पुढच्या गाडीत मी बसलेली असायचे.

रबाळ्याला पंप बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी स्टोअर्स सांभाळते. स्टाफला आणायला-न्यायला कंपनीने एक गाडी ठरवून दिली होती. डिझेलवर चालणारी, आठ सीटची, जुनी. मामा तिचे मालकही आणि ड्रायव्हरही. ते करावे गावचे. सकाळी सीवूड्सपासून माणसं भरत नेरूळ, सानपाडा असे यायचे. मी सानपाड्याला चढायचे. त्यांना मामा कोणी म्हणायला लागलं ते माहीत नाही, पण मी नोकरीला लागले तेव्हा मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे मामाच म्हणत होते.

उंच, काळेसावळे, खांदे रुंद. पूर्वी खाडीत होडी घेऊन जायचे, असं ते एकदा म्हणाले होते. गाडी मात्र अनवाणी चालवायचे. चपला सीटखाली काढून ठेवलेल्या. "चप्पल घातली का पाय आंधला होतो," असं त्यांचं म्हणणं. "मंग तो नुस्ता दाबतो. आंधल्याला काय कलतं किती दाबला ते?" ते गाडी अशी उचलायचे की मागच्या सीटवर डुलकी लागलेल्याला ती सुटल्याचं कळू नये. कुणी घाईने पुढे काढली, तर पुढच्या सिग्नलला ती गाडी आमच्याच शेजारी उभी असायची. मामा तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. आम्हीच बघायचो.

किल्ली का फिरवायची याचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गाडी चालंल नायतर झोपंल. उबी र्‍हाऊन धापा टाकाच्या नाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा अर्थ लावायचं कधी मनातही आलं नाही. जिन्यात लावलेली पाटी आपण रोज बघतो आणि वाचत नाही, तसं ते झालं होतं.

आमच्या गाडीत परचेसमधले सावंत होते. मालवणकडचे, अंगाने भरलेले, घामाने कायम हैराण. इंजिन बंद झालं की एसी बंद आणि एसी बंद झाला की सावंत सुरू. "मामा, आम्हाला लोणच्यासारखं मुरवताय काय?" मामा आरशातून त्यांच्याकडे शांतपणे बघायचे. "काच खाली घ्या." सावंत म्हणायचे, "काच खाली घेतली तर बाहेरचा धूर आत येतो." मामा म्हणायचे, "येतो ना? आता बगा, आपला त्यात नाय." दुसऱ्या दिवशी सावंत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

एकदा तुर्भ्याच्या सिग्नलला गाडी झोपली ती उठलीच नाही. सारखं बंद-चालू करून बॅटरी टेकीला आली होती. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. इस्त्रीचे कपडे घालून आमच्या अकाउंट्सने, परचेसने आणि स्टोअर्सने ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडीला धक्का दिला. सावंतांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "झोपवलीत ना मामा?" ते धापा टाकत म्हणाले, "आता अंगाई म्हणून उठवा." मामा नुसते हसले आणि पुढच्याच सिग्नलला त्यांचा हात किल्लीवर गेला. त्या दिवशी मात्र आम्ही सातही जण एकदम ओरडलो आणि त्यांनी हात मागे घेतला. असं ते एकदाच झालं.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं समजू नका. पुलाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायची त्यांना सवय होती. त्याने डिझेल जळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. एका गॅरेजवाल्याने त्यांना झापलं, की मामा, कशाला ब्रेकच्या जिवावर उठलाय, गिअरमध्येच राहू द्या, नुसता पाय उचला, डिझेल तेव्हाच बंद होतं. मामा दोन-तीन दिवस फुगून बसले. मग गिअरमध्ये उतरायला लागले, पण तो विषय गाडीत काढायचा नाही.

कंपनीच्या आवारात आम्ही आत गेलो की मामांना संध्याकाळपर्यंत काम नसायचं. ते दुसऱ्यांच्या गाड्या बघत फिरायचे. टाचेने टायरला टोला मारायचे आणि आवाजावरून ठरवायचे. "उपाशी हाय." कमी हवेच्या टायरला त्यांच्याकडे हाच शब्द होता. मग त्या गाडीच्या मालकाला गाठून सांगायचे, "साहेब, तुमची गाडी उपाशी चालते. उपाशी जनावर जास्त कष्ट करतं, जास्त धूर टाकतं." काही जण हवा भरून आणायचे, बरेचसे हसून सोडून द्यायचे. सावंत रविवारी बायकापोरांना घेऊन फिरायला स्वतःची गाडी काढत. एकदा ते ती कंपनीत घेऊन आले, तेव्हा मामांनी त्यांना डिकी उघडायला लावली. आत गणपतीचं मखर होतं. मागच्या वर्षीचं. शिवाय गावाहून आणलेली नारळाची गोणी आणि बंद पडलेला इन्व्हर्टर. "बाप्पा पान्यात गेले," मामा म्हणाले, "नि मखर अजून तुमच्यासंगती लोनावल्याला जातो?" सावंतांनी मखर काढलं. इन्व्हर्टर मात्र राहिला, तो भंगारात द्यायला त्यांचा जीव होत नव्हता.

एअर फिल्टर ते स्वतः काढून गेटबाहेरच्या दगडावर आपटायचे, बायका गोधडी झटकतात तसे. धुराच्या तपासणीचा कागद गाडी न नेताही मिळवणारे लोक असतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मामा मुदत संपायच्या आधी गाडी घेऊन जायचे, रांगेत थांबायचे आणि रांगेतही बंद करायचे.

आम्ही सगळे समजायचो की माणूस चिक्कू आहे. डिझेल त्यांच्याच खिशातलं, तेव्हा वाचवतात, आणि वर आम्हाला धुराचं तत्त्वज्ञान ऐकवतात. खरं तर नवी मुंबईत राहणाऱ्याला धुराचं कुणी सांगावं लागत नाही. थंडीत रबाळ्याला सकाळी गाडीतून उतरलं की हवा जिभेला लागते. कधी गोडसर, कधी करपलेली. कारखान्यांच्या एवढ्या धुराड्यांखाली एका माणसाने सिग्नलला किल्ली फिरवून काय होणार, असं मला वाटायचं. मी तसं एकदा त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "त्याचा त्याच्याजवल, म्याडम. मी माज्या धुराचा बोलतो." माझ्या धुराचं. हे ते ज्या सुरात म्हणाले तो सूर चिक्कू माणसाचा नव्हता. तरी मी पुढे विचारलं नाही.

कळलं ते एका संध्याकाळी. मला सीवूड्सला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून सानपाड्याला न उतरता मी शेवटपर्यंत गाडीत होते. सावंतही उतरून गेले होते. मामा म्हणाले, "म्याडम, घाई नसंल तं घरी पाच मिंटा थांबू का? मंडलीला वाफेचा मशीन लावाचा हाय. लेक आज येनार नाय." मी म्हटलं, थांबा की, मीही येते.

गाडी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यावरच थांबवली. जुन्या गावची गल्ली. पूर्वीच्या कौलारू घरांवर आता तीन-तीन मजले चढलेले, वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. दोन घरांमध्ये आभाळाची एक पट्टी उरलेली. गल्लीच्या आतल्या टोकाला गावदेवीचं देऊळ होतं आणि एका कडेने गाड्या लावलेल्या, टेम्पो, जीप, टॅक्सी, सगळ्यांची तोंडं देवळाकडे. शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तशा.

मामांचं घर तळमजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी कॉट आणि कॉटवर मामी उशांना टेकून बसलेल्या. हाताची हाडं दिसत होती, पण कपाळावर कुंकू ठसठशीत. मला बघून त्यांनी मामांना विचारलं, "ह्याच का त्या, किरकिर करतात त्या?"

"त्या नाय," मामा मशीनची पिन लावत म्हणाले, "त्यो सावंत."

मामी हसल्या. त्या दोन-तीन शब्द बोलायच्या आणि थांबायच्या. मधल्या वेळात खांदे वर-खाली व्हायचे. "रस्त्यात झोपवतो का... गाडीला? अजून?"

"प्रत्येक सिग्नलला," मी म्हटलं.

"झोपवू दे." पुन्हा थांबल्या. "आमचे खिडकीशी... रोज जागी असायची. देवीला अगरबत्ती... नि मना सायलेन्सर."

हे त्या गमतीत म्हणाल्या. हसायलाही लागल्या, पण हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेचना. मामा हातात मास्क धरून उभे होते, खोकला ओसरायची वाट बघत. ते मामींकडे बघत नव्हते. फरशीकडे बघत होते.

सगळं त्यांनी मला बहिणीकडे सोडताना गाडीत सांगितलं, रस्त्यावरची नजर न काढता.

गाडीचं तोंड देवीकडे असावं, ही त्या गल्लीची रीत. रोजच्या पोटापाण्याची वस्तू, तिला सकाळी उठल्यावर देवी दिसायला हवी. आणि पूजा चालू गाडीचीच करायची. बंद गाडी म्हणजे निजलेली, निजलेल्याची पूजा करत नाहीत. तेव्हा सकाळी गाडी चालू करायची, काच पुसायची, बोनेटला हळदकुंकू लावायचं, स्टिअरिंगभोवती अगरबत्ती ओवाळायची, देवळापर्यंत चालत जाऊन दर्शन घ्यायचं, परत यायचं, चहा प्यायचा. तोवर गाडी गरम होते, असाही एक हिशोब. गाडीला गरम होऊ दिलं नाही तर इंजिन लवकर मरतं, असं मामांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं. आणि तोंड देवीकडे म्हणजे मागचा भाग बरोबर मामींच्या खिडकीखाली.

वर्षानुवर्षं रोज सकाळी हे चाललं होतं. मामी त्या खिडकीशी बसून भाकऱ्या थापायच्या, मासळी निवडायच्या, पुढे दम लागायला लागला तेव्हा वारा मिळावा म्हणून तिथेच कॉट टाकली.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात चूल आहे का? नाही. कुणी विडी-सिगरेट ओढतं का? मामांनी देवीची शपथ घेऊन सांगितलं होतं, नाही.

खिडकीखाली भिंतीवर एक काळा डाग होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर. ओल आली म्हणून मामा दरवर्षी जत्रेच्या आधी त्यावर चुना मारायचे. खाडीकाठचं गाव, ओल यायचीच. एका वर्षी मात्र घराला रंग काढायचा म्हणून भय्या रंगारी लावला. त्याने पटाशीने खरवडायच्या आधी ओलं फडकं फिरवलं आणि फडकं मामांना दाखवलं. "मामा, ये सीलन नहीं है. ये तो धुआँ है."

"मी त्याला बोललो, कोनचा धुवां?" मामा म्हणाले. "त्यानी माज्या गाडीकडं बोट दाखवला."

आमची गाडी तेव्हा सीवूड्स स्टेशनजवळच्या सिग्नलला थांबली होती. बंद. मामांनी हात वर केला नव्हता, तरी दोघंही ऐकत होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मामा रात्री गाडी आत आणली की लगेच बंद करायचे आणि सकाळी गल्लीत चालू करायचे नाहीत. गल्लीला रस्त्याकडे जरासा उतार आहे. दार उघडं ठेवून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून, खांदा दाराच्या चौकटीला लावून ते ती जड गाडी मागे ढकलत रस्त्यापर्यंत आणायचे आणि तिथे चालू करून लगेच निघायचे. पूजा निजलेल्या गाडीचीच. गल्लीतले लोक हसले. सकाळी मी चढायचे तेव्हाही त्यांचा शर्ट घामाने ओला का असायचा, हे मला तेव्हा उमगलं.

पण गल्लीत गाडी काही त्यांच्या एकट्याचीच नव्हती. ते घरोघर फिरले. त्यांचा पुतण्या शेजारीच राहायचा, त्याचा टेम्पो. त्याला म्हणाले, बाबा, गाडीचं तोंड फिरव, नाहीतर पूजा होईस्तोवर बंद ठेव. तो म्हणाला, "काका, देवीला पाट दाखवू? नि मेलेल्या गाडीची पूजा करू?" दुसरा म्हणाला, आधी त्या कारखान्यांना सांगा. तिसऱ्याने डॉक्टरांचा कागद मागितला. पुतण्या वाईट नव्हता, मामींना दवाखान्यात न्यायला रात्रीअपरात्री धावायचा. पण सकाळ झाली की टेम्पो चालू आणि अगरबत्ती सुरू. शेवटी मामांनी ती खिडकी पक्की बंद केली. तर मामी म्हणाल्या, मग मी बघू काय, भिंत? म्हणून गाड्या निघून गेल्या की लेक ती उघडायची.

मी हे सगळं सावंतांना सांगितलं. एका आठवड्याने त्यांनी बॅगेतून एक छोटा, सेलवर चालणारा पंखा काढला. सिग्नलला इंजिन बंद झालं की ते तो तोंडासमोर धरायचे. एसीबद्दल पुन्हा एक शब्द नाही. मामांनी आरशातून पंखा पाहिला, सावंतांनी मामांना पाहिलं, आणि तो विषय तिथेच मिटला.

मामींना बरं वाटेल अशी एक वेडी आशा मलाही वाटायला लागली होती. मी रोज चढताना विचारायचे, "मामी कशा आहेत?" मामा म्हणायचे, "काल अर्धी भाकर खाल्ली." किंवा, "काल देवलापरेंत चालली." देवळापर्यंत चालत गेल्या त्या दिवशी मामांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले होते. गाडीत असा आनंद होता, की जणू कुणाचं तरी लग्न ठरलंय.

मग थंडी आली. हवा जमिनीला चिकटून बसली, गल्लीतली तर हलेच ना. मामी दवाखान्यात गेल्या आणि मामांच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला. त्याच्या गाडीत एसी अखंड चालू असायचा, सिग्नलला काय आणि चहाला थांबल्यावर काय. सावंतांनी पंखा बॅगेतून काढलाच नाही, पण ते खूशही नव्हते. सिग्नल आला की आम्ही सगळे उगाचच ड्रायव्हरच्या उजव्या हाताकडे बघायचो.

मामी परत घरी आल्या नाहीत.

दिवस-कार्य आटोपून मामा कामावर आले. डोक्यावरचे केस अजून नीट वाढले नव्हते. सानपाड्याहून निघालो, तुर्भ्याचा सिग्नल लाल झाला. गाडी थांबली.

मामांचा हात स्टिअरिंगवरच राहिला.

इंजिन चालू होतं. पायाखाली थरथर, बाटलीतल्या पाण्यावर बारीक लाटा. आम्ही वाट बघितली. विसरले असतील, आता आठवेल. त्यांना आठवत होतं. ते समोरच्या लाल दिव्याकडे बघत होते आणि त्यांनी ठरवून हात हलवला नव्हता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते सांगता येणार नाही.

सावंत मधल्या सीटवरून पुढे वाकले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "मामा, ती धापा टाकते."

मामांची मान खाली गेली. मग हात किल्लीवर गेला. इंजिन बंद झालं. त्यांनी हात वर केला नाही, आयका म्हणाले नाहीत. तरी गाडीतल्या प्रत्येकाने ऐकलं. सिग्नल हिरवा झाला आणि मागे हॉर्न वाजायला लागले, तेव्हाही आम्ही थोडा वेळ तसेच होतो.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मामांना चहा नेऊन दिला. ते गेटबाहेरच्या त्या फिल्टर आपटायच्या दगडावर बसले होते. म्हणाले, "मी डॉक्टरला इचारला. माज्या धुरानं गेली का ती? ते बोलले, असा एका गोष्टीवर बोट नाय ठेवता येत." चहा त्यांनी तसाच हातात धरला. "नसंल येत. पन भिंतीवर ठेवला तं काला होतो."

मी त्यांना म्हणू शकले असते की तुमचा एकट्याचा दोष नाही, हवाच वाईट आहे. ते खरंही होतं. पण ते खरं त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं. मी शेजारी बसून राहिले.

पुढे कंपनीने विजेवर चालणाऱ्या गाड्या ठरवल्या. जुन्या डिझेलच्या गाड्या नकोत, असं वरून आलं होतं. मामांचं काम संपलं. शेवटच्या दिवशी नवी गाडी आवारात आली होती, तिच्याभोवती सगळे जमले. मामाही आले. त्यांनी टाचेने टायरला टोला मारून पाहिला. समाधान झालेलं दिसलं. मग आत बसून किल्ली फिरवली. गाडी चालू झाल्याचं कुणाला कळलंच नाही.

"हिला झोपवायाची गरजच नाय," ते म्हणाले. बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. उतरताना मला म्हणाले, "जरा आधी आली असती, म्याडम."

टायरची हवा बघायचं त्यांचं छोटं मीटर त्यांनी सावंतांना दिलं. सावंतांनी त्या शनिवारी डिकीतला इन्व्हर्टर भंगारात दिला. हे त्यांनी मला सोमवारी मुद्दाम येऊन सांगितलं, आणि परत आपल्या टेबलाशी गेले.

मामांचा फोन काही महिन्यांनी लागेनासा झाला. करावे गावात एक म्हातारी खाडीची मासळी घेऊन बसते, खेकडे, म्हणजे त्यांच्या चिंबोऱ्या, तिच्याकडच्याच घ्याव्यात, असं मामांनी मला कधीतरी सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी मी त्या निमित्ताने गेले. चिंबोऱ्या घेतल्या आणि पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले.

भिंत पांढरी होती. खिडकीखाली मामांनी पुन्हा रंग दिला असावा, जुना डाग कुठे होता ते ओळखूही येत नव्हतं. दाराशी मात्र लहान मुलाची दुपटी वाळत होती. आणि खिडकीला मागचा भाग लावून, देवीकडे तोंड करून, एक टेम्पो उभा होता. चालू. ड्रायव्हरच्या जागी मामांसारखेच रुंद खांदे असलेला एकजण, त्यांचा पुतण्याच असणार, हातात अगरबत्ती.

मी त्याला मामांबद्दल विचारलं. तो खाली उतरला, म्हणाला, "काका पेनला थोरल्या लेकीकडे गेले. हितं त्यांचा जीव लागत नव्हता. घर भाड्यानी दिलाय. एक बाई हाय, तिचा तान्हा पोर हाय." मग जरा थांबून म्हणाला, "तुमी कंपनीतल्या म्याडम ना? काका तुमचा नाव काढायचे."

इंजिन आमच्या बोलण्यावरून चाललंच होतं. मी खिडकीखाली पाहिलं. पांढऱ्या रंगावर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक करडी सावली धरायला लागली होती. नीट बघितल्याशिवाय दिसली नसती. मी वाकले आणि बोट फिरवलं.

पुतण्याला ते बोट दाखवलं. त्याने ते पाहिलं आणि आत हात घालून किल्ली फिरवली. गल्ली एकदम शांत झाली. माझा हात कधी वर गेला, मला कळलं नाही. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि त्याला थोपटणाऱ्या बाईचा आवाज. पुतण्यानेही ऐकलं. त्याची मान खाली गेली होती, त्याच्या काकांची जायची तशी.

"येते," मी म्हटलं. तो म्हणाला, "परत या, म्याडम."

मी पिशवी उचलली आणि निघाले. उतार आहे, पाय भराभर पडतात. गल्लीच्या तोंडाशी, मामा गाडी ढकलत आणायचे त्या जागी पोचले, आणि मागे टेम्पो पुन्हा चालू झाल्याचा आवाज आला. त्याची अगरबत्ती अजून ओवाळायची राहिली होती.